कानांची मोजणी

(चिंचवड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांचे नाव फलकावर लिहिले आहे तेवढे पुरे, व्यासपीठावरून त्याचा घोष होऊ नये, अशी त्यांच्या घरच्यांची इच्छा असल्यामुळे मीही त्यांना गुरुजी एवढेच म्हणेन. हयातीत गुरुजी चिंचवडातल्या व्याख्यानांचे असे नेमाचे श्रोते होते, की एखाद्या दिवशी वक्त्याला उशीर झाला तरी चालकांना त्याचे फारसे वाटत नसे, पण पहिल्या रांगेतली उजवीकडची तिसरी खुर्ची रिकामी दिसली म्हणजे त्यांच्या पोटात गोळा येई. वक्त्याकडे एकटक पाहत, योग्य ठिकाणी मान डोलावत, आणि सभा हसली म्हणजे क्षणभर मागाहून का होईना, पण मनमोकळे हसत ते दीड-दोन तास बसत. आणि ज्याचा उदरनिर्वाहच लोकांच्या कानांवर चालला आहे अशा मला, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कितीतरी संध्याकाळी बसूनही, त्या ‘क्षणभर मागाहून’चा अर्थ कधी लागला नाही. पुढे एका संध्याकाळी भर व्याख्यानात ध्वनिक्षेपक बंद पडला. वक्त्याचे ओठ हलत होते, मागच्या रांगांतून ‘आवाज, आवाज’ असा ओरडा सुरू झाला होता, ध्वनिक्षेपकवाला तारा ओढीत इकडून तिकडे धावत होता, आणि गुरुजी मात्र पूर्ववत गंभीरपणे वक्त्याला दाद देत होते. त्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की गेली कित्येक वर्षे गुरुजींनी व्याख्याने पाहिली होती, ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात बोलावून घेतले. त्यांचे काय झाले ते पुढे ओघाने येईलच.

आजच्या विषयाचे शीर्षक पत्रिकेवर ‘कानांची मोजणी’ असे छापलेले पाहून, वक्त्याला भूमापन खात्यातून तर बोलावले नाही ना, असे एका मित्राने मला विचारले. त्यांचा विनोद मला मान्य आहे, कारण मला जे सांगायचे आहे ते तेवढ्यातच आहे. मोजणी म्हणजे काय, हे या मुलखातल्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड, चिखली या गावांच्या शिवारांतून मोजणीची साखळी फिरू लागली. १९७० साली येथे नवनगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि तोवर अपुऱ्या पडू लागलेल्या जागेमुळे पुढच्या काळात तीच साखळी इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात, चाकण, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, वासुली अशी पसरत गेली. त्या संपादनात प्रत्येक खातेदाराची जमीन गुंठ्यागुंठ्याने मोजली गेली. बांधावरचे आंब्याचे झाड, विहिरीतला चार आण्यांचा हिस्सा, गुरांचा गोठा, यांची पंचनाम्यात दखल घेतली गेली. मोबदल्याच्या रकमेवरून कज्जे झाले, फेरफार झाले, आणि त्या साऱ्याचे दप्तर आजही कचेऱ्यांतून जपून ठेवलेले आहे. परंतु त्याच खातेदाराचा मुलगा ज्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून आत गेला आणि पॉवर प्रेसच्या समोर किंवा फोर्जिंगच्या हातोड्याखाली उभा राहिला, त्या दिवशी त्याचे दोन्ही कान किती ऐकत होते, याची मोजणी बहुधा कोणीही केली नाही; आणि मुळात नोंदच नसल्यामुळे, तीस वर्षांनी त्यातले किती गेले याची कैफियत त्याला कोणापुढेही मांडता येत नाही.

आवाजाने माणूस बहिरा होतो ही गोष्ट काही यंत्रयुगाने शोधून काढलेली नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून जो गेला असेल, त्याला पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीचा तो अखंड ठोका आठवत असेल. कामगारांच्या रोगांचा आद्य ग्रंथकार म्हणून ज्याचे नाव घेतात त्या इटलीतील रामात्सिनी या वैद्याने, अठराव्या शतकाच्या आरंभी, व्हेनिसमधल्या अशाच एका तांबटांच्या वस्तीचे वर्णन करून ठेवले आहे, आणि दिवसभराच्या ठोक्याने या कारागिरांचे कान मंद होतात व म्हातारपणी ते पुरते बहिरे होतात, असे स्पष्ट लिहिले आहे. पुढे १८८६ साली ग्लासगो येथे टॉमस बार या डॉक्टराने बॉयलर बांधणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तेव्हा त्यांपैकी एकाचेही ऐकणे निर्दोष आढळले नाही. त्या काळी आजच्यासारखी विजेची उपकरणे नव्हती. खिशातल्या घड्याळाची टिकटिक कानापासून किती अंतरावर ऐकू येते, यावर बारने आपला हिशेब बसविला. आणि त्याच्या मोजणीच्या त्या साधेपणापुढे आपल्याकडच्या महागड्या यंत्रांची, आणि ती कपाटात ठेवून देण्याच्या आपल्या वृत्तीची, मला कधीकधी शरम वाटते.

आवाज कान नेमका कसा खातो, हे थोडक्यात सांगतो. कानाच्या आत, हाडाच्या कोंदणात, गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक इवलीशी नळी आहे. तिच्यात द्रव भरलेला असून, त्या द्रवातल्या तरंगांबरोबर हलणाऱ्या, डोक्यावर सूक्ष्म केसांचे तुरे असलेल्या पेशींच्या ओळी आहेत. आतल्या ओळीत सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या ओळींत सुमारे बारा हजार. त्वचा झिजली तर नवी येते, हाड मोडले तर सांधते, पण या पेशी माणसाला जन्मतः जेवढ्या मिळतात तेवढ्याच. एक गेली की तिच्या जागी दुसरी उगवत नाही. तारस्वर ऐकणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी आहेत व मंद्रस्वर ऐकणाऱ्या शेवटच्या वेढ्यात आहेत, आणि कारखान्यातल्या गोंगाटाचा पहिला तडाखा बसतो तो तोंडाजवळच्या एका विशिष्ट भागाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ४००० कंपने असलेल्या स्वराच्या जागेला. म्हणून कामगाराच्या श्रवणाचा आलेख काढला, की २५० पासून २००० पर्यंत सपाट जाणारी रेषा ४००० पाशी एकदम खड्ड्यात पडते आणि ८००० पाशी पुन्हा थोडी वर येते. हा खड्डा आमच्या व्यवसायात इतका परिचित आहे, की कागद हातात पडताच आम्ही विचारतो, ‘कोणत्या शॉपला होता?’

आता ४००० कंपनांचा स्वर तर कोणाच्या बोलण्यात नसतो, मग तो न ऐकू आल्याने बिघडले कुठे, असे आपण म्हणाल. बिघडते ते असे. आपल्या भाषेतले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे भारदस्त असतात, त्यांना आवाजाचे बळ असते. परंतु शब्दाचा अर्थ ज्यांच्यावर उभा असतो ती व्यंजने, विशेषतः स, श, च, त, ख, फ, ही क्षीण आणि तारस्वराची असतात. ताप, साप, चाप, काप, या चार शब्दांतला आकार आणि शेवटचा पकार एकच. भेद आहे तो केवळ पहिल्या व्यंजनाचा. ज्याच्या आलेखात खड्डा पडला आहे त्याला चारही शब्द ‘आप’ असेच ऐकू येतात, आणि बाकीचे तो तोंडाकडे पाहून, प्रसंगावरून, अंदाजाने भरून काढतो. म्हणूनच असा माणूस कधीच ‘मला ऐकू येत नाही’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही. आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात.’ त्याची पत्नी म्हणते, ‘यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं.’ दोघांचीही तक्रार प्रामाणिक असते, आणि दोघांचेही निदान चुकलेले असते. घरात दूरदर्शनचा आवाज चढतो, नातवाशी बोलणे कमी होते, लग्नकार्यातून गृहस्थ कोपऱ्यात बसू लागतात, आणि लोक म्हणतात, निवृत्तीनंतर स्वभाव बदलला.

कायद्याने या बाबतीत मौन बाळगले आहे असे मुळीच नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा कळविण्याजोगा रोग म्हणून नमूद झाला; तो आढळल्यास तपासणाऱ्या डॉक्टराने मुख्य कारखाना निरीक्षकाकडे कळवावे, असे बंधन घातले गेले; आणि कामगाराच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो व्यवसायजन्य रोगांत मोडतो. कळविण्याचे हे बंधन ज्याच्यावर आहे अशा डॉक्टरांत मीही एक आहे, आणि इतक्या वर्षांत हजारो खड्डे पाहिलेल्या माझ्या हातून असे कागद किती गेले, हे मला कोणी भर सभेत विचारू नये, अशी माझी प्रार्थना आहे. मर्यादाही ठरलेली आहे: आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल, ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोन तास, आणि ११५ च्या वर क्षणभरही नाही. डेसिबल हे माप साध्या बेरजेचे नव्हे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. ते ज्याच्या नावावरून आले त्या ग्रॅहॅम बेलची आई कानांनी अधू होती, पत्नी बहिरी होती, आणि तो स्वतः दूरध्वनीचा जनक होण्यापूर्वी बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. त्या मापात ३ ची वाढ म्हणजे आवाजाची शक्ती दुप्पट. आपल्या नियमात मात्र ५ वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे निसर्ग ज्या दराने वसुली करतो त्याहून आपला कायदा सवलतीचा आहे. अनेक देशांनी ८५ आणि ३ हा हिशेब पत्करला, त्याचे कारण हेच.

कानात घालण्याच्या बोंडांचे, म्हणजे इअर प्लगचे, येथे थोडे बोलले पाहिजे. साहेब फेरीवर आले की बोंडे कानात आणि साहेब गेले की गळ्यात, हा रिवाज आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यात सारा दोष कामगाराचा नाही. घामाने कान खाजतो, सोबत्याची हाक ऐकू येत नाही, आणि यंत्राच्या आवाजावरूनच ज्याला टूल बोथट झाल्याचे कळते अशा कसबी माणसाला कान बंद करून काम करणे म्हणजे डोळे बांधून करण्यासारखे वाटते. परंतु गणित निर्दय आहे. ३० डेसिबलने आवाज रोखणारे उत्तम बोंड आठ तासांपैकी चारच तास घातले, तर मिळणारे संरक्षण १५ नव्हे, अवघे ३ डेसिबल भरते. कारण उघड्या कानाने काढलेल्या चार तासांत झालेले नुकसान झाकलेल्या चार तासांत भरून येत नाही. पाळी संपवून बाहेर पडल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, रात्री कानात गुंई असा आवाज येतो, आणि सकाळी सारे ठीक वाटते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. कानातल्या पेशींनी रात्रभरात सावरून घेतलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. त्या किती दिवस सावरून घेतील याचा करारनामा कोणी केलेला नसतो.

मोठ्या कारखान्यांतून वर्षाला एकदा ऑडिओमेट्री होते, आलेखांच्या फाइली होतात, हे मी पाहिले आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. अडचण आहे ती त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान वर्कशॉपांची, आणि त्याहूनही कंत्राटी कामगाराची. तो सात महिने भोसरीत प्रेसवर असतो, पुढे आठ महिने चाकणला ग्राइंडिंगवर, त्यानंतर तळवड्याला. प्रत्येक फाटकावर हजेरीपट नवा, मुकादम नवा, आणि कान मात्र तेच जुने. एका ठिकाणी तपासणी झालीच, तर तिचा कागद त्या ठिकाणच्या दप्तरात राहतो. सातबाऱ्याचा उतारा शेतकऱ्याच्या हातात असतो म्हणून तो तलाठ्याशी भांडू शकतो. श्रवणाचा आलेख, म्हणजे उजव्या कानाची लाल वर्तुळे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या असलेला तो साधा एका पानाचा कागद, कामगाराच्या हातात, कामावर रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी, तारखेसह पडला पाहिजे. आणि तोही किमान चौदा-सोळा तास गोंगाटापासून दूर राहिल्यानंतर काढलेला, कारण रात्रपाळी करून थेट तपासणीस आलेल्याचा आलेख खरा येत नाही. मी जे सांगावयास आलो आहे ते मुख्यतः एवढेच.

आता थोडे विषयांतर करतो, आणि ते गुरुजींसाठी आहे. पिंपरीचे नाव कारखानदारीच्या नकाशावर प्रथम चढले ते मोटारींमुळे नव्हे, औषधामुळे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, दुसऱ्या वर्षी पेनिसिलिन निघू लागले, आणि काही वर्षांनी स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. क्षयावर खरोखर गुण देणारे हे पहिले औषध. तोपर्यंत क्षय म्हणजे हवापालट, दूध-अंडी आणि नातलगांच्या मनाची तयारी. परंतु हेच औषध काही रोग्यांच्या आंतरकर्णात साचून तोल सांभाळणाऱ्या आणि ऐकणाऱ्या पेशी मारते, हेही आरंभीच्या प्रयोगांतच लक्षात आले होते; आणि त्याच कुळातली कॅनामायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही औषधे त्या बाबतीत भावंडेच आहेत. काही कुटुंबांत तर आईकडून येणाऱ्या एका जनुकदोषामुळे थोड्या मात्रेतही कान जातात. गुरुजींना ऐन पंचविशीत क्षयाने गाठले होते, नव्वद सुया टोचून घेऊन ते बरे झाले होते, आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी मुले शिकविली, संसार केला, व्याख्याने पाहिली. सुया कोणत्या कारखान्यातल्या होत्या हे मला ठाऊक नाही, आणि त्याला महत्त्वही नाही. त्यांच्या आलेखात औषधाचा वाटा किती आणि वयाचा किती हे वेगळे काढता येत नव्हते. मी त्यांना तसे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘सौदा महाग पडला नाही.’

मोठ्या माणसाची भाषा कानांत शिरून मेंदूत पक्की बसलेली असते. कान गेले तरी ती राहते. मुलाची गोष्ट निराळी आहे, आणि येथे मला सबुरीने बोलता येत नाही. दर हजार जन्मांमागे एक-दोन मुले जन्मतः बहिरी असतात; अतिदक्षता विभागात राहिलेल्या, कमी वजनाच्या, कावीळ वाढलेल्या बालकांत हे प्रमाण पुष्कळ अधिक असते. गरोदरपणात आईला झालेला रुबेला, मुलाला झालेला मेंदुज्वर, आणि आपल्याकडे मामा-भाची व आते-मामे भावंडांच्या विवाहांतून पुढे येणारे आनुवंशिक दोष, ही कारणे ठळक आहेत. असे मूल पहिले पाच-सहा महिने इतर मुलांसारखेच हुंकारते, हसते, आईकडे वळते. त्याचे मुकेपण कोणाला दिसत नाही. मग आजी मागून थाळी वाजवून पाहते, मूल वळते, आणि घर निश्चिंत होते. थाळीचा ठणका प्रचंड असतो, तिची सावली हलते, जमिनीला कंप जातो. मूल यांपैकी कशाने वळले हे थाळी सांगत नाही. दीड वर्ष झाले तरी शब्द फुटत नाही, तर म्हणतात, ‘बापावर गेलंय, तोही उशिराच बोलला.’ तीन वर्षे झाली की नवस होतात. चौथ्या वर्षी ते माझ्यापुढे येते, आणि तोवर मेंदूचा जो भाग भाषेच्या पेरणीसाठी मोकळा ठेवलेला असतो, त्याचा हंगाम निघून जाऊ लागलेला असतो.

हे सारे टाळता येते, हे त्यातले दुःख. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले, की निरोगी कान आवाज नुसता ऐकत नाही, तो अतिसूक्ष्म प्रतिध्वनी बाहेर टाकतो. त्या शोधावर उभे असलेले उपकरण झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या कानात अलगद ठेवले, की काही मिनिटांत उत्तर मिळते. सुई नाही, औषध नाही, मुलाला उठवावेही लागत नाही. तेथे शंका आली, तर ज्याला लोक ‘बेरा’ म्हणतात ती तपासणी करतात. तीत कपाळावर आणि कानामागे लहान चकत्या चिकटवून, आवाजाची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचते की नाही हे पाहतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, असा जगन्मान्य क्रम आहे. आपल्याच राज्यात, पालघर येथे, २०१३ च्या फेब्रुवारीत आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाचा समावेश आहे. मग मुले निसटतात कुठे? या पट्ट्यात ती प्रवासात निसटतात. बीड, लातूर, यवतमाळ, तसेच बिहार-ओडिशाकडून आलेल्या कामगाराची पत्नी बाळंतपणाला माहेरी जाते. चाळणी तिथे झाली तर कागद तिथल्या रुग्णालयात राहतो. चार महिन्यांनी ती चिखलीच्या किंवा खराबवाडीच्या भाड्याच्या खोलीत परत येते, आणि येथली अंगणवाडीसेविका, जिच्या नोंदवहीत वजन आहे, उंची आहे, डोस आहेत, ती कानाविषयी विचारू लागली तरी तिच्यापुढे उत्तर देणारा कागद नसतो. बापाचा कागद फाटकावर अडकतो आणि मुलाचा माहेरी.

तीन वर्षांच्या मुलाची तपासणी कशी करतात, हे एकदा येऊन पाहण्यासारखे आहे. कानांवर मोठ्या फोनांची टोपी चढवून त्याच्या हातात लाकडी ठोकळा देतात आणि सांगतात, टुंग ऐकू आलं की ठोकळा डब्यात टाक. आवाज बारीक बारीक करीत जातात. मूल डोळे मोठे करून, ठोकळा गालाशी धरून, श्वास रोखून वाट पाहते. आणि ज्या क्षणी आवाज ऐकू येतो त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहिल्यावर, आळंदी-देहूच्या या परिसरात श्रवणाला नवविधा भक्तीतले पहिले स्थान का दिले असावे, याविषयी मला कोणा शास्त्रीबुवांना विचारावेसे वाटत नाही.

कानातून पू वाहणे ही आणखी एक सामान्य पीडा. तिच्याविषयी एकच सांगतो. तान्ह्याच्या कानात तेल घालू नका. कोमट नको, लसणीचे नको, वाडवडिलांपासून चालत आलेले तर नकोच. पडद्याला भोक पडले असेल तर तेल आत जाते आणि रोग वाढवते. ‘कान वाहतोय, मोठा झाला की थांबेल’ असे म्हणणाऱ्या घरात मूल शाळेच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि मठ्ठ ठरते.

राहिले श्रवणयंत्र; लोकांच्या तोंडी ‘कानाचं मशीन’. ट्रान्झिस्टर नावाचा जो घटक पुढे रेडिओपासून संगणकापर्यंत सर्वत्र शिरला, तो बाजारात विकावयाच्या वस्तूत अगदी आरंभी, १९५२-५३ च्या सुमारास, घातला गेला तो श्रवणयंत्रात. आणि ग्रॅहॅम बेलच्या स्मृतीप्रीत्यर्थ त्याचे स्वामित्वशुल्क श्रवणयंत्रांपुरते माफ करण्यात आले होते. एके काळी पेटीएवढी असलेली यंत्रे खिशात मावू लागली, खिशातून कानामागे गेली, आणि आता कानाच्या आत दिसेनाशी झाली. परंतु ती दिसेनाशी व्हावीत हीच ग्राहकाची पहिली अट असते, याचे मला फार वाईट वाटते. चष्मा लावलेल्या मुलीला आपण हुशार म्हणतो आणि मशीन लावलेल्या मुलीचे स्थळ परत जाते. अधूपण दोन्हीकडे सारखेच; पण ‘बहिरा’ हा शब्द आपण शतकानुशतके शिवीसारखा आणि विनोदासारखा वापरला, त्याचे व्याज आता फेडतो आहोत.

मशीन चष्म्यासारखे नसते, हेही मात्र आरंभीच सांगितले पाहिजे. चष्मा लावताच अक्षर स्पष्ट होते; मशीन लावताच गोंगाट स्पष्ट होतो. दहा वर्षांनी प्रथम पंख्याची घरघर, पिशवीची चुरचुर, स्वतःच्या चपलांचा आवाज, घास चावल्याचा आवाज कानावर येतो, आणि माणूस घाबरून यंत्र काढून ठेवतो. शिवाय अशा कानांचा एक विचित्र धर्म असतो: हळू बोलले तर ऐकू येत नाही, आणि जरा मोठ्याने बोलले की तो म्हणतो, ‘ओरडतोस कशाला?’ त्यांना सोसेल तेवढ्याच पट्टीत आवाज बसवावा लागतो, आणि ते बसविणे म्हणजे आलेख पुढे ठेवून, दोन-चार खेपा घालून करण्याचे काम आहे. तपासणी न करता घरपोच मागविलेले आवाज वाढविण्याचे यंत्र ते करू शकत नाही. घरच्यांनी समोर बसून, तोंड दिसेल असे, एकेकाने बोलावे. कानाच्या ठशावरून केलेला मोल्ड नीट बसला नाही तर शिट्टी वाजते; लहान मुलाचा कान वाढत असल्यामुळे त्याचा मोल्ड दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, आणि तेवढ्या खर्चासाठी कित्येक मशीने फडताळात पडून राहतात. आपल्या पावसाळ्यात तर रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवले नाही, तर आषाढात घेतलेले भाद्रपदात मुके होते.

ज्या मुलांना मशीन पुरत नाही, त्यांच्यासाठी कॉकलिअर इम्प्लांट आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना केंद्राच्या साहाय्य योजनेतून ते मिळू शकते, आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे त्याचे काम आहे. शस्त्रक्रिया काही तासांची. त्यानंतरचे बोलणे शिकविणे काही वर्षांचे, आणि ते आईवर येते. ज्यांना तेही नाही, त्यांची खुणांची भाषा ही भाषाच आहे, हे मुंबईत १८८५ साली बहिऱ्या मुलांची शाळा निघाल्यापासून आपल्याला कळायला हवे होते. कायद्याचे माप मात्र कठोर आहे: दोन्ही कानांत ७० डेसिबल गेले तर बधिर, ६० ते ७० गेले तर कर्णदुर्बल. ज्याचे पंचेचाळीस गेले, ज्याला ताप आणि साप यांतला फरक कळत नाही, तो आमचा प्रेस शॉपचा निवृत्त कामगार कोणत्याच दाखल्यात बसत नाही.

गुरुजींना मशीन बसविले तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. पहिले पंधरा दिवस त्यांनी माझ्याशी भांडण केले. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, की वक्ते पूर्वी वाटत होते तितके चांगले बोलत नाहीत. पुढच्या मोसमात त्यांनी दोन व्याख्यानांतून मध्येच उठून जाऊन चालकांना अडचणीत आणले. आज ते असते, तर मी आता आवरते घ्यावे असे त्यांनी खुर्चीतूनच सुचविले असते.

चालकांनी माझ्या विनंतीवरून बाजूच्या खोलीत ऑडिओमीटर मांडून ठेवला आहे, दोन तंत्रज्ञ बसले आहेत, आणि प्रत्येकाचा आलेख तारखेसह ज्याच्या त्याच्या हातात दिला जाणार आहे. जे आज रात्रपाळीवरून किंवा दुपारच्या पाळीवरून थेट आले असतील त्यांनी रविवारी सकाळी यावे. तपासणीला शांतता लागते आणि मधली भिंत पातळ आहे. म्हणून ध्वनिक्षेपक आता बंद करावा, अशी मी ध्वनिक्षेपकवाल्यांना विनंती करतो.